पेला ज्याचा त्याने आणावा

भिलाई, २३ जून १९५७

अन्नपूर्णा,

आधी वर 'प्रिय' लिहिलं होतं. मग तो कागद बाजूला ठेवला आणि हा घेतला. सात वर्षांत माझ्या तीन पत्रांना तुझं उत्तर आलं नाही, त्यामुळे तो शब्द वापरायची मुभा मला आहे की नाही, ठाऊक नाही. हे पत्र कामाचं आहे, तेवढंच समज.

तुझा वर्ध्याचा पत्ता आपल्या नॉर्मल स्कूलच्या राधाबाईंनी दिला. तू तिथे मुलींच्या वसतिगृहात राहून शिकवतेस, असंही त्यांच्याकडूनच कळलं. मी गोंदिया सोडून गेल्या वर्षी भिलाईला आले. इथे पोलादाचा कारखाना उभा राहतो आहे, पण पोलाद अजून कुठे नाही. नुसते खड्डे, मातीचे ढीग आणि पत्र्याची घरं. आपल्या भंडारा-गोंदियाकडची शेतकरी माणसं इथे टोपली उचलायला आली आहेत, शिवाय नागपूरकडची रेल्वेतली काही घरं आहेत. दोघांनी मिळून समिती केली आणि कॅम्पात मराठी प्राथमिक शाळा काढली. एक लांब शेड, चार वर्ग, पटावर चौऱ्यांशी मुलं, आणि मुख्याध्यापिका मी. तुम्ही मुंबई राज्यात गेलात, आम्ही मध्य प्रदेशात उरलो, पाढे मात्र दोन्हीकडे तेच आहेत.

आता काम. माझ्या हाताखाली एकच शिक्षक, पुंडलिक गुरुजी. सुटीत तुमसरला गेले आणि तिथे इन्फ्लुएन्झाने आडवे झाले. पेपरात वाचलं असशीलच, साऱ्या जगात ही साथ फिरते आहे. आमच्याकडे ती रेल्वेने आली आणि उतरली. कॅम्पातल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात माणसं चटया टाकून पडली आहेत. दोन-तीन महिन्यांपुरती येऊ शकेल अशी कुणी शिकलेली मुलगी तुझ्या ओळखीत असेल तर कळव.

अर्थात शाळा उघडली तर. एक जुलैला उघडायची, पण समितीत दोन तट पडले आहेत. रेल्वेकडची मंडळी म्हणतात, दिवाळीपर्यंत बंद ठेवा. कॅम्पातली माणसं म्हणतात, उद्या उघडा. मी दोघांनाही "बघू" म्हणते. माझा हा 'बघू' तुला माहीत आहे.

आज रविवार, म्हणून मैनाबाई अंगण सारवायला आली होती. ती रेजा आहे, म्हणजे बांधकामावर टोपल्या वाहते. गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. नवरा नाही, आठ वर्षांची हिरा आहे, माझ्या दुसरीत. सारवून झाल्यावर तिने फळीवरचा पेला घेतला, दारात बसली, मी चहा ओतला. तेव्हा ती म्हणाली, "बाई, एक तारखेले उघडून राहिली न शाळा? मी टोपलं घेऊन वर चढतो तं खाली पोट्टी कुठी हाय ते मले दिसत नाई. दिवसभर जीव तिकडंच राह्यते."

मी म्हटलं, बघू.

गोंदियात जे झालं त्याबद्दल या पत्रात लिहायचं नाही, असं ठरवून बसले होते. ते पाळलं आहे.

सिंधू


भिलाई, ३ जुलै १९५७

अन्नपूर्णा,

तुझं उत्तर नाही. मुलगी मिळाली नाही असं मी धरून चालते. तरी लिहिते, कारण इथे ज्याच्याशी बोलावं असा प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या तटात आहे.

शाळा उघडली नाही. अठ्ठावीस तारखेला हिरा खड्ड्यात पडली. यंत्राच्या पायासाठी खणलेला पुरुष-दीड पुरुष खोल खड्डा, तळाला पावसाचं पाणी. पाच-सहा पोरं काठावर खेळत होती, कड ढासळली आणि ही खाली गेली. चौकीदार चिंधूने दोर टाकून काढली. उजवा हात कोपराखाली मोडला. बुडाली नाही, कारण पाणी गुडघाभरच होतं. त्यानंतर दोन दिवस पाऊस झाला. आता त्याच खड्ड्यात माणूस बुडेल एवढं पाणी आहे.

तीस तारखेला बैठक झाली. कॅम्पाच्या बाजूने शालिकराम मुकादम बोलले. त्यांच्या हाताखाली चाळीस रेजा आहेत. रेल्वेच्या बाजूने कृष्णराव, समितीचे अध्यक्ष, मालधक्क्यावर क्लार्क. माणूस सज्जन आहे. शाळेची शेड त्यांच्याच खटपटीने मिळाली.

शालिकराम म्हणाले, "पोट्टे गड्ड्यात पडून राहिले अन् तुमी तापाचं सांगता. ताप तं कॅम्पात बी हाय. शाळा बंद ठेवून ताप जाईन का?"

कृष्णराव त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "अठरा साली मानमोडी आली तवा मी नऊ वर्साचा होतो. शाळा चालूच होती. माहा मोठा भाऊ शाळेतून ताप घेऊन आला. त्याच्या मागं लहाना गेला, मंग माय. आठ दिवसात तीन. तिरडीले बांबू नव्हते गावात. तुमी मले कावून सांगता का ताप काय असते?"

शालिकरामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मत घेतलं तेव्हा तीन-तीन झाली. माझं मत निर्णायक होतं. मी म्हटलं, आधी डॉक्टरांचा लेखी सल्ला घेऊ. हे शहाणपण होतं की नुसती टाळाटाळ, हे तू नेमकं सांगू शकशील.

आमच्या शाळेची एक रीत तुला कळवायची राहिली. पहिल्या दिवसापासून इथे एक माठ आणि दोन ॲल्युमिनियमचे पेले आहेत. चौऱ्यांशी मुलं त्याच दोन पेल्यांनी, स्वतःच्या हाताने बुडवून पाणी पितात. कुणाचं मूल कुणाचं आहे, हे माठाला विचारायचं नाही. पहिल्या महिन्यात अकरा घरांनी कुरकुर केली. मी म्हटलं, पटत नसेल तर दुर्गला दुसरी शाळा आहे. कुणी गेलं नाही. या रीतीचा मला अभिमान आहे. ती मी का घातली हे तुला सांगायला नको.

काल डॉक्टरांची चिठ्ठी आली. तरुण बंगाली गृहस्थ आहेत, स्वतःच तापातून उठलेले. शाळा उघडायला हरकत नाही म्हणतात. शेडच्या दोन्ही बाजूंचे पत्रे काढून वारा खेळता ठेवावा, मुलं दोन हात अंतरावर बसवावी, शिंकणाऱ्याला घरी पाठवावं. आणि शेवटी पाण्याचं: एका पेल्याने सर्वांनी पिणं ताबडतोब बंद, माठात पेला बुडवणं बंद. प्रत्येकाने आपला पेला घरून आणावा आणि एका माणसाने त्यात वरून पाणी ओतावं.

मी ती समितीला वाचून दाखवली. शेवटच्या ओळीवर कृष्णरावांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

"हे बराबर हाय," ते म्हणाले. "असं करत असान तं उघडा मंग. माही नात दुर्गी बी येईन."

रेल्वेच्या तिघांची मतं एका क्षणात फिरली. शालिकराम खूश झाले, त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलवली. एकमताने ठराव झाला. ज्यासाठी मी दहा दिवस देव पाण्यात घालून बसले होते, ते झालं. घरी येताना मी चिठ्ठीतली ती शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.

सिंधू


भिलाई, ९ जुलै १९५७

अन्नपूर्णा,

नोटीस लिहायचं काम माझ्याकडे आलं. कृष्णराव म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर मोत्यावानी हाय, तुमीच लिहा." गोंदियाच्या आपल्या शाळेचे सेक्रेटरीही माझ्या अक्षराला असंच काहीतरी म्हणायचे.

चार दिवस झाले, नोटीस लिहून होत नाही. 'आरोग्याच्या दृष्टीने' इथपर्यंत येते आणि थांबते.

तेव्हा आता ठरवलेलं मोडते आणि गोंदियाचं लिहिते. तुला ते माहीत आहे, पण मला ते एकदा कागदावर ओळीने मांडून बघायचं आहे. १९५०चा मार्च. तू शिक्षकांच्या खोलीतल्या माठातून पाणी प्यायलीस. सहा महिने पीतच होतीस. मग कुणीतरी सेक्रेटरींच्या कानावर घातलं, तुझी जात त्यांनी पुन्हा एकदा तपासून घेतली, आणि आठवड्याभरात भिंतीवर नोटीस लागली: 'आरोग्याच्या दृष्टीने प्रत्येक शिक्षकाने पाणी पिण्याचा पेला घरून आणावा व आपला पेला वेगळा ठेवावा.' खाली नाव नाही, सही नाही. आम्हा सगळ्यांचे पेले माठाभोवती मांडले गेले. तुझा पितळी पेला बाहेर, खिडकीच्या कट्ट्यावर. तो तिथे कुणी नेऊन ठेवला हे कुणालाच माहीत नव्हतं. शिपाई तुला वरून पाणी ओतायचा. महिन्याच्या आत तू राजीनामा दिलास. मला विचारलंस, ही नोटीस कुणी लिहिली? मी म्हटलं, मला ठाऊक नाही, ऑफिसातून आली.

आता इथलं. काल मैनाबाई शाळेत आली, हिराच्या प्लास्टरवर पदर धरून. ठरावाची बातमी कॅम्पात पोचली होती. मला वाटलं ती खूश असेल. शाळा उघडावी म्हणून सर्वांत जास्त जीव तिचाच अडकलेला.

ती म्हणाली, "गिलास मी देईन बाई. मायाकडं जर्मलचा हाय, चांगला घासून देईन. पन मले एक सांगा. पानी कोन ओतन?"

मी म्हटलं, ठरायचं आहे.

"सगळ्याईले वरून ओतन, का काही जनाईलेच?"

मी म्हटलं, सगळ्यांनाच. डॉक्टरांनी तसं लिहिलं आहे.

"आज सगळ्याईले. ताप गेल्यावर?" तिने हिराच्या प्लास्टरवरचा पदर सारखा केला. "बाई, मी तिले सांगतलं होतं का तुह्या शाळेत मटक्यात हात घालता येते. मायी माय मेली तोवर तिनं कोनाच्या मटक्यात हात नाई घातला. थे पोट्टी घरी येऊन रोज सांगे, आज मी पाच गिलास पानी पेली. तहान नसली तरी पेत होती. आता गिलास घरून नेला का कोन्या घरचा थे समजते. ज्याले त्याले आपली जागा दिसते. तसं असन तं नका उघडू शाळा. खड्ड्याचं मी पाहून घेईन. कामावर दोर बांधून ठेवीन तिले."

तिने हे चढ्या आवाजात सांगितलं नाही. शालिकरामांना मी नंतर विचारलं तर ते म्हणाले, त्यांच्या चाळीसातल्या सतरा जणी असंच म्हणताहेत. म्हणजे काल ज्यांना शाळा बंद हवी होती त्यांना ती आज उघडी हवी, आणि ज्यांना उघडी हवी होती त्यांना बंद. ताप दोन्हीकडे तेवढाच आहे.

कृष्णरावांबद्दल तुझा गैरसमज नको. त्यांचं भावांचं दुःख खरं आहे. पेल्याची ओळ ऐकून त्यांना जे बरं वाटलं, तेही खरं आहे. त्यांना स्वतःला या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवता येणार नाहीत. मला येतात, म्हणून नोटीस अडली आहे.

तुझी आठवण येते. हे कामाच्या पत्रात बसत नाही, पण लिहिलं.

सिंधू


भिलाई, १६ जुलै १९५७

अन्नपूर्णा,

शाळा काल सोमवारी उघडली. कशी, ते सांगते.

मी डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवं? पेला घरचा हवा, की एकाचा दुसऱ्याच्या तोंडाला लागायला नको? ते म्हणाले, दुसरं. मग मी विचारलं, पेले रोज उकळून काढले तर? ते म्हणाले, मग तर घरच्यापेक्षा उत्तम, पण इतके पेले आणि इतकं सरपण तुम्ही आणणार कुठून? ओतण्याचं विचारलं, तर म्हणाले, माठात हात जायला नको, एवढंच. बंगालमधल्या कुठल्याही गावात ओतण्याचा अर्थ काय होतो हे त्यांना माहीत असणार, पण चिठ्ठी लिहिताना ते डॉक्टर होते. मी त्यांच्याकडून हे सगळं लिहून घेतलं.

इथे रशियन इंजिनिअरांची मेस आहे. तिथे घट्ट दुधाचे डबे फोडतात आणि मागच्या अंगणात टाकतात. सगळे एका मापाचे. मी शालिकरामांना सांगितलं, त्यांनी दोन पोती भरून आणले. नत्थू पाइप फिटर कॅम्पातच राहतो. त्याने डब्यांच्या कडा वळवल्या आणि पत्र्याच्या पट्टीचे कान डाग देऊन जोडले. तीन दिवस कामावरून आल्यावर तो तेच करत होता. नव्वद पेले झाले. एकावरही खूण नाही, नंबर नाही, नाव नाही. एकमेकांशेजारी ठेवले तर माझाही कोणता ते मला सांगता येणार नाही. माठाच्या जागी त्याने झाकणाचं एक पिंप बसवलं आणि खाली पितळी तोटी. तोटी मुलं स्वतः फिरवतात. कुणी कुणाला वरून ओतायचं नाही.

पेले चुलीवरच्या एका मोठ्या गंजात रोज सकाळी एकत्र उकळतात. काढून फळ्यांवर पालथे घालतात. ज्याच्या हाताला जो लागेल तो त्याचा त्या दिवसापुरता. संध्याकाळी सगळे परत गंजात.

नोटीस मी शनिवारी लावली: 'सोमवारपासून शाळा भरेल. पाणी पिण्यासाठी प्रत्येक मुलाला शाळेतून स्वतंत्र, उकळलेला पेला मिळेल. घरून पेला आणू नये.' खाली सही केली, पूर्ण नाव, हुद्दा.

दुपारीच कृष्णराव आले. उभ्यानेच बोलले. "बाई, बैठकीत हे ठरलं नोतं."

मी म्हटलं, "प्रत्येकाला वेगळा पेला, हे ठरलं होतं. तो देतेय."

"घरून आणाचा, असं होतं."

"डॉक्टरांची नवी चिठ्ठी बघा. घरचा उकळलेला असेल याची खात्री कोण देणार?"

त्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग मला म्हणाले, "आज जो पेला माह्या दुर्गीच्या तोंडी, तोच उद्या…" आणि थांबले. वाक्य पूर्ण करायला त्यांना लाज वाटली, याचं मला बरं वाटलं. माणूस वाईट नाही, हे मी मागेच लिहिलं होतं. जाता जाता एवढंच म्हणाले, "शाळेत कोणाले ताप आला तं जबाबदारी तुमची. समितीची नाई. लिहून देजा."

मी लिहून दिलं. माझं अक्षर मोत्यावानी आहे.

काल चौऱ्यांशीपैकी छत्तीस आली. रेल्वेकडचं एक मूल नाही. हिरा आली. प्लास्टर गळ्यात, डाव्या हाताने तोटी फिरवून ती तीन पेले पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "बाई, दूधवाला वास येते याले."

पुंडलिक गुरुजी अजून अंथरुणात आहेत. मी एकटी चार वर्ग बघते. तू येशील का? दुसऱ्या कुणा मुलीचं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ते बहाणा होता. मला तू हवी होतीस. इथे कुणाचा पेला कट्ट्यावर नाही. येऊन बघ.

सिंधू


भिलाई, १८ ऑगस्ट १९५७

अन्नपूर्णा,

तुझं पोस्टकार्ड ३० जुलैला मिळालं. सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. दोनच ओळी: 'हकिकत कळली. गोंदियाची नोटीस कोणी लिहिली होती?'

उत्तराला उशीर झाला, कारण दोन ऑगस्टला मी पडले. दहा दिवस ताप होता. आता बरी आहे, पाय जरा लटपटतात.

आधी शाळेचं सांगते, म्हणजे त्या प्रश्नाकडे जाताना वाटेत काही उरणार नाही. येणाऱ्या मुलांपैकी नऊ जणांना ताप आला. घरी बसलेल्यांतही तेवढ्यांना आला, त्यांत कृष्णरावांची दुर्गा. नऊही उठून बसली, दुर्गाही उठली. ती तापात असताना मी रोज सकाळी चौकशीला माणूस धाडत होते. कृष्णरावांनी एकदाही त्याला आत घेतलं नाही, पण निरोप प्रत्येक वेळी दिला. शाळा बंद पडली नाही. मी पडले त्याच दिवशी पुंडलिक गुरुजी तुमसरहून आले आणि त्यांनी चारही वर्ग सांभाळले. म्हणजे आता माझ्याकडे जागा रिकामी नाही. पंचवीस तारखेला माझ्यावर बैठक आहे. समितीला न विचारता ठराव फिरवला, असा आरोप आहे. तो खरा आहे. राहीन किंवा जाईन. त्यासाठी तुझ्याकडून काही नको.

मी आजारी असताना मैनाबाई रोज येत होती. कामावर जायच्या आधी आणि आल्यावर. पेज करायची, कपाळावर पट्ट्या ठेवायची. तिसऱ्या दिवशी ताप थोडा उतरला होता, डोळे उघडे होते. तिने माठातून पाणी घेऊन माझा पितळी पेला भरला, माझी मान उचलून मला पाजलं. माझं पिऊन झाल्यावर ती उठली, दाराशी गेली, तिथल्या फळीवरचा ॲल्युमिनियमचा पेला काढला, त्यात तांब्यातून वरून ओतलं आणि उंबऱ्याजवळ बसून प्यायली. पिऊन झाल्यावर विसळून परत फळीवर पालथा घातला.

तो पेला मी तिथे ठेवला आहे. गेल्या वर्षी ती पहिल्यांदा सारवायला आली, त्या दिवशी. फळी मीच ठोकून घेतली. ती तिच्यासाठी आहे असं मी कधी बोलले नाही, आणि तिनेही विचारलं नाही. पहिल्या रविवारी मी त्या पेल्यात चहा ओतला आणि पुढच्या रविवारपासून तो ती स्वतःच काढून घेऊ लागली. वर्षभर शाळेत माठाची रीत शिकवून मी घरी यायचे आणि तो पेला रोज माझ्या डोळ्यांसमोर असायचा. मला तो दिसत नव्हता, असं लिहिलं तर तू विश्वास ठेवू नकोस. माझ्या जूनच्या पत्रात तो आहे. काढून बघ.

मी म्हटलं, "मैनाबाई, तो पेला तिथून काढ."

ती म्हणाली, "राहू द्या बाई. तुमाले बरं वाटू द्या पयले."

"मला काय वाटलं असेल तुला? शाळेत एक आणि घरी एक?"

ती पट्टी पिळत होती. म्हणाली, "मले का वाटाचं. तुमी शाळेत जे केलं थे हिराले भेटलं. मले त्यातलं भेटन असं मी धरलंच नोतं." मग पट्टी माझ्या कपाळावर ठेवली आणि कामावर गेली.

मी भिंतीकडे तोंड करून रडले. आजाराने रडू येतं म्हणतात. ते आजाराचं नव्हतं.

आता तुझा प्रश्न.

मी लिहिली. सेक्रेटरींनी मला खोलीत बोलावून सांगितलं की जातीचं नाव घालता येणार नाही, आता राज्यघटना झाली आहे, कुणी कोर्टात जाईल. तुम्ही शिकलेल्या आहात, काहीतरी सभ्य शब्द काढा. 'आरोग्याच्या दृष्टीने' हे शब्द मी काढले. त्यांना सुचले नसते. मला तेव्हा वाटलं की मी तुला वाचवलं, निदान तुझं नाव भिंतीवर लागू दिलं नाही. दोन दिवसांनी तुझा पेला माठाजवळून उचलून कट्ट्यावर ठेवायला शिपाई तयार होईना. म्हणाला, बाईंच्या वस्तूला मी हात लावणार नाही. तो मी ठेवला. तू वर्गावर होतीस. हे तू विचारलेलं नाहीस, पण एकाच्या उत्तरात दुसरं लपवायची सवय मला मोडायची आहे.

तू मला विचारलंस तेव्हा माझ्या बोटाला शाई होती. तू ती पाहिली होतीस, असं मला सात वर्षं वाटत आलं आहे. पाहिली असशील तर हे पत्र तुला नवीन काही सांगत नाही. तरी ते माझ्याकडून यायला हवं होतं.

काल मैनाबाई आली तेव्हा मी फळी उपटून टाकली होती. चहा केला. दोन पेले घेतले, दोन्ही पितळी, घरातले. ती आत येऊन बसली नाही, उंबऱ्यावरच बसली. म्हणून मीही उंबऱ्यावर बसले. उंबरा अरुंद आहे, दोघींना नीट बसता येत नाही. चहा पिऊन झाल्यावर ती उठली आणि सवयीने फळीकडे वळली. तिथे काही नव्हतं. पेला हातात घेऊन ती थोडा वेळ उभी राहिली, मग मला विचारलं, "कुठी ठेवू?" मी म्हटलं, माझ्याजवळ. तिने ठेवला.

फळीवरचा तो जुना पेला मी शाळेच्या गंजात टाकला. नव्वद दुधाच्या डब्यांत तो एकच वेगळा दिसतो, म्हणून मुलं त्याच्यासाठी भांडतात.

ये, असं आता लिहीत नाही. लिहायचा हक्क नाही, आणि जागाही नाही. या पत्राचं काय करायचं ते तू ठरव. गोंदियाची ती शाळा अजून चालू आहे. सेक्रेटरीही तेच आहेत. तुझ्या नोकरीच्या कागदांत तू 'स्वखुशीने' राजीनामा दिलास असं लिहिलं आहे, तेव्हा कधी कुणाला दाखवावंसं वाटलं तर दाखव. म्हणून नोटिशीचा मजकूर खाली पुन्हा लिहिते, जसा होता तसा. अक्षर जुळवून बघता येईल. त्या वेळी खाली नाव घातलं नव्हतं.

'आरोग्याच्या दृष्टीने प्रत्येक शिक्षकाने पाणी पिण्याचा पेला घरून आणावा व आपला पेला वेगळा ठेवावा.'

लिहिणार, सिंधू देवाजी भोयर,
सहायक शिक्षिका, गोंदिया, मार्च १९५०